सासऱ्यांनी सांधलेली टाकी
काही वर्षांपूर्वीचा मे महिन्यातला बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा सोमवार; इंग्लंडमध्ये लीड्सच्या आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर हजर होते सासरे, सासूबाई, नवरा आणि मी. आज पॅनचं हँडल वितळल्याचा वास आला आणि तो दिवस आठवला. सासऱ्यांच्या जुन्या मोटरहोमची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीची, सांडपाण्याची प्लॅस्टिकची टाकी थंडीत तडकली होती. ते मॉडेल बंद झाल्यामुळे नवी टाकी मिळेना, म्हणून नवरा म्हणत होता, "बाबा, गाडी विकून टाकू." सासरे निवृत्त सर्जन. हात थरथरायला लागल्यापासून ते घरात सुरीसुद्धा धरत नसत, पण त्या दिवशी त्यांनी टाकी खाली काढायला लावली. "आधी तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाड, म्हणजे तो पुढे जाणार नाही," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग डाग द्यायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्वतः उचललं, तर त्याचं टोक हलायला लागलं. मी पुढे होणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अहो, सावकाश करा. हा पेशंट काही उठून पळत नाही." ते हसले, मनगट टाकीवर टेकवलं आणि प्लॅस्टिक वितळवत तडा बुजवत गेले. काम ओबडधोबडच झालं, पण पाणी भरून पाहिलं तर थेंबही गळला नाही. गाडी विकली नाही, आमच्याकडेच राहिली. या हिवाळ्यात टाकीला दुसरीकडे नवा तडा गेलाय. सासऱ्यांच्या हातात आता चहाचा कपही ठरत नाही, तरी फोनवर मला म्हणाले, "थांब, मी येऊन बघतो." टाकीसाठी गॅरेजला फोन करायचं माझ्या यादीत आहे. तो अजून केलेला नाही.