तीन नंबरची पाटी

शेडमध्ये त्यांना सगळे बखरवाले म्हणत. होते फिटर, हातही चांगला होता, पण नाव पडलं ते जिभेमुळे. चुनखडीच्या खाणीपासून मोठ्या लाइनीच्या जंक्शनपर्यंत एकोणीस किलोमीटरचा तो कंपनीचा खासगी रूळ. त्यावर सत्तर वर्षांत चौदा इंजिनं धावली आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांनी वापरून विकलेली. एक साखर कारखान्यातून आलेलं, एक बंदराच्या धक्क्यावरून, एक कुठल्याशा लाकडाच्या वखारीत अर्धं आयुष्य काढून. बखरवाल्यांना सगळ्यांचं कूळ-मूळ तोंडपाठ. “नऊ नंबरचा बॉयलर मूळचा पाचचा, आणि पाचची चाकं गेली बाराला,” असं सुरू झालं की ऐकणारा हात जोडून म्हणे, “बखरवाले, सोयरीक जुळवायची नाहीये. नट तेवढा आवळायचाय.”

त्यांनी प्रत्येक इंजिनाची एक वही केली होती. चौदा वह्या. कुठे घडलं, कुणी चालवलं, कधी नळ्या बदलल्या, कधी रुळावरून घसरलं, शेवटी कुठे गेलं. लाइन बंद झाली, शेड पाडली, कामगार पांगले, तरी वह्या चालूच राहिल्या. भंगारवाल्यांना पत्रं लिहून ते इंजिनांचा मागोवा घेत. चार नंबरचा बॉयलर एका धोबीखान्यात पाणी तापवतो आहे, हे कळायला त्यांना सहा वर्षं लागली. कळलं त्या दिवशी सांगायला घरात कुणी नव्हतं.

बायको मुलाकडे होती, दूरच्या शहरात. नातीच्या जन्माला म्हणून महिन्याभरासाठी गेली, त्याला आता सहा वर्षं होत आली. भांडण नाही, तंटा नाही. तिथे तिची गरज होती आणि इथे बखरवाल्यांना एकट्याचं एकट्याला जमत होतं. ते वर्षातून एकदा जात, पंधरा दिवसांत परत येत. त्या चकचकीत घरात त्यांना बसायला जागा सापडत नसे. फोनवर बायको म्हणे, “इंजिनांच्या आज्या-पणज्या पाठ आहेत तुम्हाला. नातीचा वाढदिवस कधी, सांगा बघू.” ते गडबडत. ती हसे, आणि मग कुणीतरी म्हणे, बरं, ठेवते. किंवा ठेवतो.

तर अशात नगरपालिकेनं एका वखारीत गंजत पडलेलं इंजिन शोधून काढलं, घासून रंगवलं आणि जुन्या स्टेशनासमोरच्या बागेत चौथऱ्यावर बसवलं. काळं कुळकुळीत अंग, लाल चाकं आणि केबिनच्या बाजूला पितळी पाटी, तीन नंबर.

नगरपालिकेची इंजिनीअरबाई बखरवाल्यांचा पत्ता काढत घरी आली. तरतरीत, बोलायला गोड. म्हणाली, “काका, माहितीचा फलक लावायचाय. या लाइनीची पहिली गाडी तीन नंबरनं ओढली म्हणतात. सगळे तुमचंच नाव सांगतात. पानभर लिहून द्याल?”

“देईन की,” ते म्हणाले आणि तिच्यासमोर तीन नंबरची वही काढायला उठले. कपाटाशी उभे राहिले आणि हात वहीवर नुसताच राहिला. “दोन दिवसांनी या,” ते म्हणाले.

ते इंजिन तीन नंबर नव्हतं. हे जगात माहीत असणारी आता दोनच माणसं उरली असतील, आणि त्यातला फोरमन म्हातारपणी सगळं विसरून बसला होता.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन आणि सहा ही जुळी भावंडं, एकाच कारखान्यात एकाच महिन्यात घडलेली. शेजारी उभी केली तर नवख्याला फरक कळू नये. सहावर फायरमन होता लांब्या, बखरवाल्यांचा जिवलग. साडेसहा फूट उंची, केबिनमध्ये कायम वाकलेला. एका सकाळी चढावर बॉयलरची एक नळी फुटली. त्या वेळी लांब्या भट्टीचं दार उघडून कोळसा टाकत होता. उकळतं पाणी आणि वाफ, सगळी त्या दारातून त्याच्या अंगावर आली. दवाखान्यात नेईपर्यंतही तो राहिला नाही. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला.

त्यानंतर सहावर कुणी पाय ठेवीना. नळ्या नव्या घातल्या, तपासणी झाली, तरी ड्रायव्हर म्हणत, “कामावरून काढा, पण त्या अवदसेवर चढणार नाही.” उलट तीन सगळ्यांचं लाडकं, पण त्याच्या खालच्या चौकटीला मोठी भेग गेली होती. ते भंगारात जाणार हे फक्त शेडला माहीत होतं. म्हणजे धडधाकट इंजिन कुणाला नको आणि हवं ते मोडकं. फोरमननं एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी बखरवाल्यांना बोलावलं. “पाट्यांचे स्क्रू काढ. याच्या त्याला, त्याच्या याला. रंग मी देतो.”

“ड्रायव्हरांना कळेल, साहेब.”

“ज्याला कळेल तो गप्प बसेल. त्यालाही पोट आहे.”

तसंच झालं. तीन नंबर सहाची पाटी लावून महिन्याभरात कापलं गेलं. सहा नंबर तीनची पाटी लावून पुढे तेरा वर्षं, लाइन बंद होईपर्यंत धावलं. बखरवाल्यांनी दोन्ही वह्यांत पाटीप्रमाणेच लिहिलं. बाकी बारा वह्यांत एक खिळा इकडचा तिकडे नाही. या दोन मात्र त्या दुपारपासून पुढे खोट्या.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले. चौथऱ्यावर चढून चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या टोकावरचा नवा रंग त्यांनी किल्लीनं खरवडला. शेडमध्ये प्रत्येक दांड्यावर छिन्नीनं आकडा ठोकायची पद्धत होती. काळ्या पापुद्र्याखालून सहा वर आला.

इंजिनीअरबाईला बोलावून त्यांनी तो दाखवला. ती वाकून पाहत म्हणाली, “दांडा बदललेला असेल, काका. तुम्हीच तर सांगता, तुमच्याकडे एकाचं दुसऱ्याला लावत.”

पळवाट सोपी होती. ‘हो, तसंही असेल’ एवढं म्हटलं असतं तर काम संपलं असतं. पण ते बखरवाल्यांच्या तोंडून निघेना, आणि खरंही सांगता येईना. कारण पलीकडच्या बाकावर, इंजिनाकडे तोंड करून, लांब्याची बायको बसली होती.

लांब्या गेल्यावर कंपनीनं तिला लाइनीच्या फाटकावर नोकरी दिली. पाठीशी तीन वर्षांचा मुलगा आणि हातात हिरवं निशाण. सहा नंबर कापायला काढलं तेव्हा ती सुट्टी घेऊन भंगाराच्या वखारीत गेली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहून शेवटचा तुकडा गाडीत पडेपर्यंत तिनं पाहिलं, आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली, असं तिनंच पुढे सांगितलं होतं. त्यानंतरची तेरा वर्षं ती फाटक उघडून तीन नंबरला हिरवं निशाण दाखवत राहिली.

आता मुलगा दूरवर ट्रक चालवायचा, आणि ती रोज चारच्या सुमारास या बाकावर येऊन बसे. बखरवालेही येत. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी तेवढंच माणसाशी बोलणं व्हायचं. गुडघ्यांची चौकशी, भाजीचे भाव, कोण गेलं, कोण राहिलं.

“किल्लीनं काय कोरत होतात, भावजी?” तिनं विचारलं. इंजिनीअरबाई निघून गेली होती.

“काही नाही. रंग कच्चा दिलाय.”

“देईनात का. छान दिसतं. यांना तीन नंबर फार आवडायचं. म्हणायचे, मला तीनवर घ्या म्हणून फोरमनला सांगतो. सांगितलंच नाही कधी, भिडस्त माणूस.” तिनं गुडघे चोळले. “इथं बसलं की बरं वाटतं. ती अवदसा गेली आणि हे राहिलं, असं वाटतं.”

बखरवाले घरी आले. त्यांनी पानभर लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. बायकोला फोन लावला. पाट्यांचं काय झालं, कधी नव्हे ते तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

“फलकावर तीन लिहा आणि मोकळे व्हा,” ती म्हणाली. “कुणाचं काय अडलंय? म्हातारपणी तिच्या जिवाला कशाला घोर लावता?”

“ती रोज त्याच्यापाशी बसते गं.”

“बसू दे की.”

“त्याच्यापाशीच.”

पलीकडून नात कशासाठी तरी रडत होती. बायको म्हणाली, “तुम्हाला पटेल ते करा. आले गं, आले.” फोन ठेवला गेला.

दोन दिवस ते बागेत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, बाकावर बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, “वहिनी, हे तीन नाही. सहा आहे. पाट्या मी बदलल्या. या हातांनी.”

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, फोरमनसकट, भेगेसकट, दुपारच्या उन्हासकट. ती इंजिनाकडे पाहत राहिली. समोर एक बाई आपल्या मुलीला चाकापाशी उभी करून फोटो काढत होती.

“म्हणजे मी दिवसभर उभी राहिले तेव्हा...” ती म्हणाली.

“तीन कापत होते.”

“आणि फाटकावर?”

“सहा,” ते म्हणाले.

“तेरा वर्षं,” ती म्हणाली. “पोर कडेवर असायचं. त्यालाही टाटा करायला लावायची मी.” मग तिनं त्यांच्याकडे तोंड वळवलं. “भावजी, नळी आपोआप फुटते का हो?”

हा प्रश्न तिनं अडतीस वर्षांत कधी विचारला नव्हता. पाट्यांचं सांगायला इतकी वर्षं का लागली, हे बखरवाल्यांना तेव्हा कळलं. पाट्यांमागे हा प्रश्न उभा होता.

“नाही,” ते म्हणाले. “आधी पाझरते. ती आठ दिवस पाझरत होती. मी पाहिली होती. फोरमन म्हणाला, या आठवड्याचा माल जाऊ दे, मग बदलू. मी नवा होतो. तपासणीच्या पानावर ‘ठीक’ असं मीच लिहिलं. खाली सही माझी.”

“यांना माहीत होतं?”

“नाही. सांगायला हवं होतं. सकाळी शेडमध्ये भेटला होता. हसला, डोकं आपटेल म्हणून वाकून चढला. मी नाही सांगितलं.”

ती उठली. पिशवी उचलली. काही म्हणेल म्हणून ते वाट पाहत राहिले, शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती हळूहळू बागेच्या फाटकाच्या बाजूनं निघून गेली.

त्यानंतर ती बागेत आली नाही. बखरवाले रोज चारला जात आणि पाचला परतत. पंधरवड्यानं फलक लागला. त्यावर तीन नंबरच होतं. कुणीतरी कार्यालयात बसून जुन्या बातम्यांवरून लिहून काढलं होतं. बखरवाल्यांनी सगळी हकीकत पाच पानं लिहून दिली होती, त्यावर इंजिनीअरबाई म्हणाली, “काका, मी वाचलं. खरंच वाईट वाटलं. पण फलकावर एवढं मावत नाही, आणि वरून परवानगीही मिळणार नाही.” तिचा आवाज खरा होता. तिच्यावर रागावताही येईना.

त्यानंतर एका सकाळी दारावर थाप पडली. लांब्याची बायको उभी होती, हातात फोन घट्ट धरलेला.

“या, वहिनी.”

“पोराला सांगितलं मी. पण मला ते नळीचं नीट सांगता येत नाही. तो सारखं विचारतो, मग काय, मग काय. तुम्ही सांगा.” तिनं फोन पुढे केला. तो चालूच होता.

बखरवाल्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे ट्रकचं इंजिन घरघरत होतं, मग ते बंद झालं. त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. मुलगा मधे एकदाच बोलला. “सही तुमची?”

“माझी.”

पलीकडे ट्रकचं दार आपटलं. मग तो म्हणाला, “आम्हाला लहानपणी सांगायचे, बाबांनीच दार उघडं ठेवलं असेल म्हणून. फाटकावर येणारी-जाणारी माणसं सांगायची. शाळेतली पोरंसुद्धा.” त्याचा श्वास जोरात ऐकू येत होता. “हे लिहून द्याल मला? सहीनिशी?”

“देतो.”

“बरं. आता आईला द्या फोन.”

त्यांनी फोन तिला दिला. ती खुर्चीच्या कडेला बसली, वह्यांच्या कपाटाकडे पाठ करून. मायलेकरांच्या बोलण्यात आपण कशाला, म्हणून बखरवाले बाहेर येऊन पायरीवर बसले. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मधे ती रडली, मग चक्क हसली, लांब्याच्या उंचीवरून काहीतरी असावं. बोलणं तासभर चाललं. त्यांच्या घरात इतका वेळ माणसाचा आवाज कित्येक महिन्यांत झाला नव्हता. ते पायरीवर हलले नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा ते चटकन उठले. “चहा टाकतो, वहिनी.”

“नको,” ती म्हणाली. रागानं नाही, पण नकोच. “कागद लवकर द्या. त्याला पुढच्या खेपेला इथून जायचंय. तो स्वतः येऊन नेईल.”

“आजच लिहितो.”

तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि उतरून गेली. बागेवरून घर जवळ पडलं असतं. ती बाजाराच्या लांबच्या रस्त्यानं वळली. बखरवाले ती कोपऱ्याआड जाईपर्यंत उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि सगळ्यात वर लांब्याचं खरं, पूर्ण नाव लिहिलं.