मढच्या मावशीचा तास

अंधेरीला विमानतळापासून जवळच एका जुन्या दुमजली बंगल्यात आमची शाळा भरायची. नोकरीपायी मुंबईत आलेल्या परदेशी लोकांची मुलं तिथे शिकत. कुणाचे वडील विमान कंपनीत इंजिनिअर, कुणाची आई वकिलातीत. दोन-तीन वर्षं राहायची आणि दुसऱ्या देशात निघून जायची. मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा पंचविशीची होते. वडिलांची परळची गिरणी बंद पडली होती. घाटकोपरला आम्ही राहायचो त्या भागातल्या एका सोसायटीत ते पंप चालवून पाणी सोडायचं काम करायचे. मुलगी इंटरनॅशनल शाळेत शिकवते हे ते कुणालाही सांगत. मी तिथे काय शिकवते, हे मात्र मी फारसं सांगायचे नाही.

कारण त्या शाळेत मराठीला कुणी विषय मानत नव्हतं. जेवणानंतरचा तास, वरच्या मजल्यावरची नकाशे ठेवायची खोली, आणि निम्म्या डोळ्यांनी झोपलेली अकरा मुलं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मी फळ्यावर 'कमळ', 'बदक', 'छत्री' लिहायचे, मुलं वहीत उतरवायची. वर्षभर हे केल्यावर त्यांना कमळ लिहिता यायचं. रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणता यायचं नाही.

शिक्षकांच्या खोलीत टेबलावर एक बातमीपत्र पडलेलं असायचं. आसपासच्या देशांतल्या अशा दहा-बारा शाळांचं मिळून एक मंडळ होतं. कोलंबो, काठमांडू, ढाका, अशी गावं. दर सत्रात पाळीपाळीने एक शाळा सगळ्यांकडून मजकूर मागवून तो अंक काढायची आणि पोस्टाने बाकीच्यांना पाठवायची. वर्षातून एकदा शिक्षकांची सभा भरायची, तीही पाळीने. मी ते बातमीपत्र वाचायचे ते इंग्रजी सुधारावं म्हणून. सगळ्या शाळांत सगळं छान चाललेलं असे. स्नेहसंमेलन छान, नवीन प्रयोगशाळा छान, पोहण्याच्या शर्यती छान. ज्याचा तास माझ्यासारखा फसतो असा एकही शिक्षक त्या दहा-बारा शाळांत नव्हता.

शाळेच्या स्वयंपाकघरात शुक्रवारी मासे यायचे. ते आणायची मढची एक कोळीण, पन्नाशीची, उंच, आवाजाने खणखणीत. मढहून तरीने खाडी ओलांडून वेसाव्याला आणि तिथून बसने अंधेरीला. तिला सगळे मावशी म्हणत. एका शुक्रवारी ती मागच्या पायरीवर टोपली उतरवून बसली होती आणि माझा तास संपवून मुलं खाली येत होती. एक डॅनिश मुलगी, असेल दहा वर्षांची, टोपलीत वाकून बघायला लागली. मावशी तिच्याशी बोलली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्याकडं मराठी शिकतान ना ही पोरां?" मावशीने मला विचारलं. "मंग बोलत कनाला नाय?"

मी म्हटलं, बोलत नाहीत कारण ती अजून अक्षरं शिकतायत. मावशी म्हणाली, तिची स्वतःची पाच मुलं अक्षराआधी बोलायला लागली होती. मग टोपली आवरता आवरता तिने सुचवलं की मुलांना एक दिवस मढला घेऊन ये. हे तिने 'चहाला ये' म्हणावं इतक्या सहज म्हटलं.

मॅडमची परवानगी काढायला मला पंधरा दिवस लागले, कारण मी विचारायलाच घाबरत होते. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, पांढरे कापलेले केस, मराठी अगदी रोखठोक. त्यांनी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या आणि मला एवढंच सांगितलं, अकरा नेतेस तर अकरा परत आण.

डिसेंबरात आम्ही तरीने मढला गेलो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातले होते, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. मावशीने मुलांना ओळीत बसवलं आणि नुकत्या आलेल्या माशांचा ढीग पुढ्यात ओतला. बोंबील इथे, मांदेली तिथे, कोळंबी या टोपलीत. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर तिने मला हाताने गप्प केलं. पहिल्या दहा मिनिटांत सगळा गोंधळ. एक जपानी मुलगा चिखलात पडला आणि रडला. एकीला वासाने मळमळलं, तिला मी झाडाखाली बसवलं. पण अर्ध्या तासाने मी पाहिलं, ती डॅनिश मुलगी शेजारच्या मुलाला सांगत होती, "ते नाय, हे घे." तिने फळ्यावरून उतरवलेलं हे वाक्य नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, तिला गरज पडली म्हणून बोललेलं.

त्यानंतर दर महिन्याला आम्ही जायला लागलो, आणि शुक्रवारी मावशी मागच्या पायरीवर अर्धा तास जास्त बसायला लागली. मुलं बोलायला लागली. फक्त ती मावशीची भाषा बोलत होती.

शाळेचे एक विश्वस्त होते, दादरचे, मराठीचे अभिमानी. फेब्रुवारीत ते शाळेत आले असताना त्या डॅनिश मुलीने त्यांना सांगितलं, "मना पानी पायजे." ते तडक मॅडमच्या खोलीत गेले. मला बोलावलं. ते ओरडले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलले. परक्या देशातली मुलं इथून आपली भाषा घेऊन जाणार, ती अशी घेऊन जाणार का? शुद्ध बोलणारी शिक्षिका आहे म्हणूनच तर मला घेतलं होतं.

मी खाली मान घालून ऐकत होते. आणि मला आठवत होतं, डी.एड.ला असताना माझ्या तोंडून एकदा 'मला'ऐवजी 'माका' निघालं आणि वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभरात मी घरची मालवणी अशी घासून काढली की वडिलांशीसुद्धा मी पुस्तकी बोलायला लागले होते. शुद्ध बोलणारी शिक्षिका मी अशी झाले होते.

ते गेल्यावर मला वाटलं, आता मढ बंद. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधी ही मुलं काय बोलायची?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"मग तू हे लिही. या वेळचा अंक आपला आहे. आणि तो पोरगा चिखलात पडला तेही लिही. सगळ्यांचं छान छान वाचून मला कंटाळा आलाय."

इंग्रजीत दोन पानं लिहायची म्हणजे माझ्यासाठी डोंगर होता. मी आधी मराठीत लिहिलं, मग जेवणाच्या सुट्टीत वाक्यावाक्याने इंग्रजी केलं. नकाशाच्या खोलीतल्या झोपलेल्या मुलांपासून सुरुवात केली. मी वर्षभर काय चुकीचं केलं ते लिहिलं. मळमळलेली मुलगी लिहिली. विश्वस्तांचा आक्षेपही लिहिला, नाव न घेता, आणि तो अगदीच खोटा नाही हेही लिहिलं, कारण मुलांनी पुढे छापील मराठी वाचायला शिकावं असं मलाही वाटत होतं. मॅडमनी व्याकरण दुरुस्त केलं, मजकुरातला एक शब्द काढला नाही. अंक सायक्लोस्टाइलवर निघायचा आणि आमचा टाइपरायटर इंग्रजी. म्हणून स्टेन्सिलवर मधल्या जागा कोऱ्या सोडून मावशीचे शब्द मी लोखंडी लेखणीने हाताने कोरले. जोर जास्त झाला की मेणकागद फाटायचा. दोन स्टेन्सिल फुकट गेल्या. तिसरीवर 'बोंबील' नीट उमटला.

एप्रिलात पहिलं पत्र आलं, काठमांडूहून. तिथल्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं की तिचाही तास जेवणानंतरच असतो आणि मुलं तिच्याही वर्गात झोपतात. मग कोलंबोहून, मग ढाक्याहून. एकाने विचारलं होतं, मुलांनी बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द यांत घोटाळा केला तर मी काय करते. एकीला हवं होतं की पहिल्या दिवशी नेमके कोणते शब्द दिले त्याची यादी पाठवावी. सुट्टी लागेपर्यंत नऊ पत्रं झाली. बातमीपत्रातल्या मजकुरावर कुणी पत्र लिहिल्याचं मॅडमना आठवत नव्हतं. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं. ती उत्तरं लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की मला काहीतरी येतं.

पुढच्या जानेवारीत मंडळाची सभा आमच्या शाळेत होती. सात शाळांचे शिक्षक येणार होते. मॅडमनी मला एक तास दिला. मी म्हटलं, तास मावशी घेईल. त्यांनी कार्यक्रमाच्या कागदावर माझं नाव खोडून तिचं लिहिलं.

मावशीला पटवणं अवघड गेलं. ती म्हणाली, मी अंगठा लावणारी, मास्तरांना काय शिकवू? मी म्हटलं, मुलांना शिकवलंस तेच. शेवटी ती दोन अटींवर तयार झाली. टोपली बरोबर आणणार, आणि ते लोक खाली बसणार.

त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, अंबाड्यात अबोलीची वेणी. मी वडिलांनाही बोलावलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या भिंतीला टेकून उभे राहिले, बस म्हटलं तरी बसेनात. विश्वस्त पुढे खुर्चीवर होते. तीस-बत्तीस शिक्षक, सूट-टाय, साड्या, स्कर्ट, सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले. काहींना मांडी घालता येत नव्हती, त्यांना मावशीने हातानेच सांगितलं, पाय पसर.

मी ओळख करून दिली आणि बाजूला झाले. मावशीने टोपलीतून एक मांदेली काढली, पहिल्या रांगेतल्या कोलंबोच्या उंच गृहस्थांच्या तळहातावर ठेवली आणि नाव सांगितलं. त्यांनी चुकीचं म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. तिने मांदेली परत घेतली आणि शेजारणीला दिली. त्या गृहस्थांनी हात पुढेच ठेवला होता, तिसऱ्या खेपेला बरोबर म्हटलं आणि मांदेली मिळवली. त्यानंतर खोलीत कुणाला माझी गरज उरली नाही. घे, दे, ठेव, हे नाय, ते. पाऊण तासात तीस परके लोक एकमेकांकडे कोळी बोलीत मासे मागत होते, चुकत होते, हसत होते आणि पुन्हा मागत होते. मी भिंतीशी उभी होते.

शेवटी काठमांडूच्या त्या पत्रवाल्या शिक्षिकेने माझ्यामार्फत विचारलं, आधी कुठला शब्द शिकवायचा हे तुम्ही कसं ठरवता?

मावशीला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "ठरवायचा काय त्यान? जे हातान हाय, त्याचा नाव पयला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. खोलीभर पेन्सिली चालल्या. मग मला न ठरवता बोलावंसं वाटलं, आणि मी त्या सगळ्यांना सांगितलं की माझ्या घरी मालवणी बोलतात, मी ती शिक्षिका होण्यासाठी टाकून दिली होती, आणि मावशीने मुलांना शिकवलं त्यात मलाही शिकवलं. माझं इंग्रजी अडखळत होतं. मला त्याची लाज वाटली नाही.

विश्वस्तांनी काही कबूल वगैरे केलं नाही. चहा घेतला, मावशीला लांबून नमस्कार केला आणि गेले. मढ बंद करा असं मात्र त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. जूनपासून मराठीचा तास सकाळी झाला, आणि विश्वस्तांनी आपल्या संग्रहातली चाळीस मराठी बालपुस्तकं वर्गासाठी पाठवली. मुलं ती वाचायलाही लागली. मी विश्वस्तांना आभाराचं पत्र लिहिलं, मनापासून.

सभेच्या त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये वडील खिडकीशी बसले होते. साकीनाका आल्यावर म्हणाले, "तुझ्या इंग्रजीत आपलो हेल ऐकाक येता. माका बरां वाटलां."

"माका पण," मी म्हटलं. किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला होता. त्यांनी ऐकलं, आणि खिडकीकडे तोंड करून हसले.

मंडळाने बातमीपत्रात 'फसलेले तास' म्हणून एक पान सुरू केलं आणि ते बघायचं काम माझ्याकडे दिलं. ते मी पुढे बरीच वर्षं केलं. ढाक्याच्या एका तरुण शिक्षकाने लिहिलं, नावाड्याला वर्गात आणलं आणि तो तासभर गप्प बसून राहिला. अशा वेळी काय करता येईल याची उत्तरं पाच शाळांतून आली. कोलंबोच्या त्या उंच गृहस्थांनी शाळेच्या माळ्याला आठवड्याचे दोन तास दिले. त्यांनी सोबत एक फोटो पाठवला: माळी उभा आहे, मुलं जमिनीवर बसली आहेत आणि हे गृहस्थ मुलांच्या रांगेत, हात पुढे करून. मी तो फोटो घेऊन शुक्रवारची वाट न बघता तरीने मढला गेले. मावशी वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. तिने ओले हात पदराला पुसले, फोटो उन्हाकडे धरून नीट पाहिला, आणि त्या गृहस्थांना ओळखून म्हणाली, हा बघ, माझा विद्यार्थी.