कुलूपबंद खुनी

ग्रंथ अमर असतात, असं अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी वाचनमंडळात दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे बटाटेवड्यांकडे बघत माना डोलावतात. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक ग्रंथ वारला.

तो शेजारच्या काकूंचा. काकू निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहणाऱ्या. नजर इतकी अधू की अक्षरं बोराएवढी केली तरच वाचता येतं. म्हणून त्या ई-बुकच वाचायच्या. रविवारी मंडळात एका रहस्यकादंबरीवर त्या बोलणार होत्या, आणि खुनी कोण हे कळायच्या आतच त्यांचा रीडर बंद पडला. मुलाने हौसेने दुसऱ्या कंपनीचा आणला. त्यावर कादंबरी उघडेना.

"फॉर्मॅट ओपन आहे गं आई," मुलगा म्हणाला. तो सॉफ्टवेअरमधला. "सगळीकडे चालतो. फक्त कंपनीने वर लॉक घातलंय."

"म्हणजे दार उघडं आहे आणि त्याला कुलूप आहे?"

"टेक्निकली, हो."

"अरे, पण मी विकत घेतलंय ना ते?"

"लायसन्स घेतलंयस. पुस्तक नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी उगाचच मध्ये पडलो. नव्या कंपनीच्या दुकानात ती कादंबरी अमेरिकेत विकायलाच नव्हती. जुन्या कंपनीचं ॲप काकूंच्या फोनवर टाकलं, तर या खात्यावरच्या उपकरणांची मर्यादा संपली म्हणे. मुलाने टाकून दिलेले सगळे फोन तिथे अजून सुखाने नांदत होते. ते काढायचे तर कोड लागणार, आणि तो येणार बंद पडलेल्या रीडरवर. मदतकेंद्राने माझ्या संयमाबद्दल तीनदा आभार मानले. तो केव्हाच संपला होता.

शेवटी मंडळाच्या खजिनदारांकडे छापील प्रत निघाली. कधीतरी कुणाकडून मागून आणलेली, परत करायची राहून गेलेली. ज्या माणसापासून पुस्तकं वाचवायला कंपन्यांनी एवढी कुलपं शोधून काढली, तो हाच.

अक्षरं मुंगीएवढी होती. तेव्हा शनिवारी दुपारी काकू मटार सोलत बसल्या आणि मी उरलेली प्रकरणं मोठ्याने वाचली. खून धाकट्या मेहुण्याने केला होता.

"ते तर सुरुवातीलाच दिसत होतं," काकू म्हणाल्या. "तुला नाही कळलं?"

रविवारी त्या मुख्यतः यावरच बोलल्या, की लेखकाला खुनी लपवता आलेला नाही.