गिअरमध्ये उभी केलेली गाडी

आमच्या माजरीत गाडी गिअरमध्ये उभी करतात. दुपारी कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंग होतं तेव्हा घरातली भांडी किणकिणतात, आणि उतारावर साइड स्टँडला लावलेली गाडी हादऱ्यानं सरकून आडवी होते. म्हणून बाबांनी मला गाडी शिकवताना आधी हेच शिकवलं, की उतरण्यापूर्वी पहिला गिअर टाकायचा. निघताना क्लच पूर्ण दाबायचा, बटण मारायचं आणि क्लच हळूहळू सोडत चालू पडायचं. न्यूट्रल शोधत बसणाऱ्यांची मला तेव्हापासून चीड आहे.

आणि नवरा मिळाला तो नेमका तसलाच. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते, पण लिहिताना ‘तो’च येतो, चालवून घ्या. तो भामरागडकडे आश्रमशाळेत शिक्षक आणि मी इथं अंगणवाडीत. महिन्यातून एखाद-दोन शनिवारी तो दिवसभर गाडी हाणत येतो आणि रविवारी जेवून परत निघतो. निघताना आधी न्यूट्रल करणार, हिरवा दिवा लागला का ते वाकून बघणार, मग बटण. गाडी चालू करता की पूजा मांडता, असं मी त्याला नेहमी चिडवायची.

तिकडे पावसाळ्यात कुणी गाडी गिअरमध्ये ठेवत नाही, हँडलही लॉक करत नाही, असं त्यानं मला सांगितलं होतं. नदी कधी चढेल याचा नेम नसतो आणि गाडीवाला असतो भाताच्या बांधीत नाहीतर जंगलात. मग ज्याला आधी पाणी दिसेल तो समोरची गाडी ढकलत उंचावर नेऊन ठेवतो, ती कुणाची का असेना. अन् कोणी घेऊनच गेलं तर, असं मी विचारलं.

“नेली त वाचली,” तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या गावाचा रागच होता. तो इथं असला तरी ‘आमच्याकडे’ म्हणायचा ते तिकडचं. झोपेत तिकडची माडिया बोली बोलायचा. माझा नवरा थोडा थोडा करून त्या गावचा होत चालला आहे आणि एक दिवस नुसता पाहुणा म्हणून येईल, ही भीती मला आत कुरतडायची. ती काही त्याला सांगता येत नव्हती, म्हणून मी गाडीवरून भांडायची.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी होता. एका दुपारी ब्लास्टिंग झालं आणि न्यूट्रलमधली त्याची गाडी दारातच आडवी पडली. आरसा फुटला. हे भामरागड नाही, असं मी त्याला चांगलं फटकारलं. मग रोजच मागे लागले. तो बाहेरून आला की मी दारात उभी राहून विचारायची, गिअर टाकला का? सुट्टी संपेपर्यंत तो न सांगता टाकायला लागला.

चालू मात्र तो न्यूट्रलमध्येच करायचा, आणि त्याबद्दल मी हल्ली चिडवेनाशी झाले होते. रविवारी निघताना गाडी चालू करून तो तशीच घरघरत ठेवायचा. हेल्मेट हातात, बॅग पाठीवर, आणि काहीतरी उगाच बोलत राहायचा, टाकी भरली का, गॅस कधी संपेल. गाडी चालू असायची पण माणूस अजून माझ्या दारात असायचा. तेवढा वेळ मला फार हवासा वाटायचा. मग पायानं गिअर टाकल्याचा खट्ट आवाज यायचा आणि तो जायचा.

शाळा सुरू झाली. पुढे तिकडच्या पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, फोन लागेना. भामरागडचा संपर्क तुटला एवढंच बातम्यांत सांगत होते. अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना माझं लक्ष फोनकडे. रात्री मी त्याचा शर्ट उशीवर घेऊन झोपायची. याला कुणी वेडेपणा म्हणालं तरी चालेल.

पाणी ओसरल्यावर एका सकाळी त्याचा फोन आला. तो बरा होता, शाळेतली पोरंही बरी होती. त्यांना उंचावरच्या इमारतीत नेण्यात तो गुंतला होता आणि गाडी खाली काठाजवळच राहिली. गाववाले धावले होते. क्लच दाबला असता तर ती सरकली असती, पण गाडी न्यूट्रलला असणारच असं धरून त्यांनी मागून रेटली. ती हलेना, तेव्हा जाम झाली समजून त्यांनी सोडून दिली. ती पुरती बुडाली.

“गिअरमंदी होती ना,” तो म्हणाला. “उतरलो न् पायानं टाकून देल्ला. मले समजलंच नाई. घरीच गाडी लावून राह्यलो, असं वाटलं असंन पायाले.”

गाडीचं वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र आनंदच झाला.

“गाडीचं जाऊ द्या,” मी म्हटलं. “त्या पायाले घेऊन या घरी.”