दोघांनी निवडलेला फोटो

गोदावरीबाईंना माणसं आधी उलटी दिसत. केस पांढरे, दात काळे, गोरा माणूस कोळशासारखा. साताऱ्याला भवानी पेठेत एका माडीवर त्यांच्या नवऱ्याचा, विष्णुपंतांचा फोटो-स्टुडिओ होता, मागे बिऱ्हाड. फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, धुऊन वाळली की गोदावरीबाई ती उत्तरेच्या खिडकीशी उतरत्या फळीवर लावून बसत. डोळ्याशी भिंग, हातात टोक काढलेली पेन्सिल, शेजारी बारीक पात्याची सुरी. काचेवर पेन्सिल फिरवली की छापताना ती जागा उजळ होई, आणि सुरीने खरवडली की काळी. देवीचे व्रण, मुरुम, जागरणाने आलेली काळी वर्तुळं त्या अशी घालवत. उपवर मुलींच्या आया त्यांना नजरेनेच विनवत, आणि त्या नजरेनेच हो म्हणत.

हे काम त्या सांगलीला माहेरी वडिलांच्या हाताखाली शिकल्या होत्या. विष्णुपंत फोटो काढत, पण तो बघण्याजोगा गोदावरीबाई करत, हे विष्णुपंत स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत. त्यांची अट एकच. "डाग काढ, पण माणूस बदलू नकोस." वीस वर्षांच्या संसारात ती अट बाईंनी कधी मोडली नव्हती.

विष्णुपंतांना दम्याचा त्रास. जिना चढले तरी धाप लागे. त्या माणसाला वेड मात्र पळणाऱ्यांचं. गावातल्या तालमीत पळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी पहाटे ही माणसं यवतेश्वरचा चढ पळत चढायची. विष्णुपंत त्यांच्याआधी टांग्यात कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घालून वर जाऊन बसत. असे वर्षभराचे फोटो साठत. गुढीपाडव्याला ते सगळे तालमीत जाजमावर मांडायचे आणि प्रत्येकाने आपल्या आवडत्या एका फोटोवर बोट ठेवायचं. तेवढे पुठ्ठ्यावर चिकटवून, खाली नाव घालून, भिंतीवर लागत.

मंडळाचे चिटणीस आप्पासो. कापडाचं दुकान, पोट सुटलेलं. ते दरवर्षी एकाच तऱ्हेचा फोटो निवडायचे, रुमाल हलवून शर्यत सोडतानाचा.

"आप्पासो, तुमी पळताना कवा दिसनार?" कुणीतरी टोकायचंच.

"मी पळालो तर तुम्हाला सोडणार कोण?"

मानसिंग नावाच्या पैलवानाने एकदा पायातला काटा काढत बसलेला फोटो निवडला. का, तर म्हणे तेवढ्या एकातच त्याचं तोंड हललेलं नव्हतं.

त्रेचाळीस सालच्या पाडव्याला एका फोटोवर दोन बोटं पडली. एक नाथाजी जमादाराचं. हा पोलिसात होता, आणि तरीही मंडळात सगळ्यांचा लाडका. दुसरं केरबाचं. केरबा यवतेश्वरच्या पायथ्याच्या एका वाडीचा, शेतकऱ्याचा मुलगा. फोटोत शेवटचं वळण होतं. नाथाजी अर्धं पाऊल पुढे, दात आवळलेले. मागे केरबा, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, आणि हसतोय.

"ह्यात मी फुडं हाय," नाथाजी म्हणाला. "मी सोडत न्हाई."

"घे की लेका! वळणाच्या पल्याड काय झालं त्ये फोटूत कुठं हाय?" केरबा म्हणाला, आणि तालीम हसली. शर्यत केरबानेच मारली होती. शेवटी आप्पासोंनी विष्णुपंतांना दोन प्रती करायला सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाला केरबा नाहीसा झाला. भूमिगत मंडळींचे निरोप तो गावोगाव पोचवतो, रात्रीत साताऱ्याकडून निघून सांगली संस्थानच्या हद्दीत जातो, असं लोक बोलायला लागले. मग त्याच्या नावाने वॉरंट निघालं. पोलिसांची अडचण एवढीच, की नाथाजी सोडला तर त्यांच्यातल्या कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं, आणि एकटा नाथाजी सगळ्या नाक्यांवर उभा राहू शकत नव्हता.

आप्पासोंनी शहाणपणा करून तालमीतला केरबाचा पुठ्ठा जाळला. नाथाजीचा त्याला घरी नेऊन दिला. इथवर सगळं ठीक होतं. पण फौजदारांनी त्यांना चौकीवर बोलावलं आणि जबरदस्ती न करता, चहा देऊन, मंडळाबद्दल विचारलं. मंडळाबद्दल कुणी विचारलं की आप्पासोंना राहवत नसे. पाडव्याची रीत त्यांनी रंगवून सांगितली. एकाच फोटोवर दोघांनी बोट ठेवलं, अशी गोष्ट आमच्याकडे पहिल्यांदाच घडली, असंही सांगून बसले. मग जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी, ऐन भाद्रपदात, सकाळीच विष्णुपंतांना चौकीवर नेलं. दुपारी बारा वाजता एक शिपाई जिना चढून आला.

"बाई, केरबाच्या फोटूची काच काढून ठिवा. फौजदारसाहेब चार वाजता येत्यात. पंत म्हनाले, काचा माझी बायको सांभाळते, तिच्याबिगर कुनाला गावायची न्हाई."

"पंत कसे आहेत?"

"बाकड्यावर बसल्यात. खोकत्यात."

काच शोधायची गरजच नव्हती. कुठल्या खणात आहे ते बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. ती समोर धरून त्या उभ्या राहिल्या. फोडली तर विष्णुपंत बाकड्यावरून कोठडीत जाणार, आणि कोठडीतली ओल त्यांच्या छातीला सोसणार नव्हती. सांगलीला भावाकडे पाठवावी तर मोटारस्टँडवर पोलीस गाठोडी सोडून बघत होते. आणि दिली तर आठवड्याभरात केरबाचा हसरा चेहरा प्रत्येक चावडीवर लागणार.

त्यांनी खिडकीशी फळी ओढली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

चेहरा बोराएवढा. केरबाच्या भुवया मधोमध जुळलेल्या. तिथे पेन्सिल फिरली आणि त्या सुटल्या. नाकाला बाक होता. बाकाच्या वर उजेडाची सरळ रेघ आली. हनुवटीची खळी भरली. गाल बसलेले होते, ते भरले. मग सुरी घेऊन श्वास रोखून ओठांवर अगदी हलके खरवडलं. मिशी आली. हात चुकला असता तर काचेवरच्या थराला भोक पडलं असतं, आणि ते झाकायला दुसरी काच नव्हती. मान अवघडली, पदराने घाम टिपता टिपता दोन वाजून गेले. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत त्यांनी एक माणूस पुसला होता आणि दुसरा आणला होता.

जिन्यावर बूट वाजले. चार वाजायला अवकाश होता. नाथाजी वर आला. गणवेशात होता, आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"वैनी, सायबांनी माझाबी फोटू आनायला सांगितलाय. म्हनाले, काच आन फोटू ताडून बघायचं."

बाईंनी हातातलं भिंग फळीवर ठेवलं. नाथाजीकडे प्रत आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आप्पासो तेही बोलले असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. खरा केरबा त्या कागदात होता. शेजारी काच ठेवली की पोरसुद्धा फरक सांगेल.

नाथाजीने काच उचलून खिडकीकडे धरली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. भुतागत दिसतंय. छापून दावता?"

नाही म्हणायला कारण सुचेना. दोघं अंधाऱ्या खोलीत गेले. दार उघडं ठेवायची सोय नव्हती, म्हणून नाथाजी भिंतीला चिकटून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. तांबड्या दिव्याखाली बाईंनी कागद थाळीत सोडला. आधी डोंगर आला. मग नाथाजीचे आवळलेले दात. मग केरबाचे हवेतले पाय, छाती, आणि वर चेहरा.

नाथाजी थाळीवर वाकला.

"ह्यो कोन?"

"ते तुम्हीच सांगायचं, नाथाजी. चार वाजता तुम्हालाच विचारणार आहेत."

"माजी पोरं पोलिस लाईनीत ऱ्हात्यात, वैनी. उद्या हे उगडं पडलं तर नोकरी गेली, घर गेलं, वर मीच आत."

"माहीत आहे मला."

"पंतांस्नी म्हाईत हाय?"

"नाही. त्यांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते."

नाथाजीने टोपी एकदा इकडून तिकडे फिरवली. मग त्याने काखेतलं पुडकं पुढे केलं.

"माज्या पुठ्ठ्यावरचा काडा, आन ह्यो चिकटवा. नाव तेच ऱ्हाऊ द्या." आणि दारापाशी वळून म्हणाला, "माजं तोंड तेवढं तसंच ठिवलंय न्हवं?"

बाईंना हसू आलं नाही. पुठ्ठा कढत पाण्याच्या वाफेवर धरून त्यांनी खरा फोटो सोडवला. दोघांनी तो एकदा उजेडात पाहिला. मग नाथाजीने तो स्वतःच चुलीत सारला आणि कागद काळा पडून चुरा होईस्तोवर फुंकणी हातात धरून बसला. नव्या प्रतीला इस्त्री फिरवून, खळ लावून, बाईंनी ती जुन्या पुठ्ठ्यावर दाबली तेव्हा साडेतीन झाले होते. वाळायला एवढा वेळ पुरणार नव्हता.

फौजदार वेळेवर आले. मागे विष्णुपंत, ओठ निळसर. फौजदारांनी जोडे दाराबाहेर काढले, बाईंना नमस्कार केला, काच उजेडात धरली, मग पुठ्ठा घेतला. घाई त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांचा अंगठा फोटोच्या कोपऱ्यावर थांबला.

"जमादार, हा ओला कसा?"

"लाईनीतली भिंत गळती, सायेब. तीनदा अर्ज दिलाय."

"हं." अंगठा पुसला. "हाच केरबा?"

"व्हय, सायेब."

"नक्की?"

"वर्सभर ह्याच्याच मागं पळालोय, सायेब."

"फोटोत तर तुम्ही पुढे आहात."

"तेवढ्यापुरताच."

फौजदारांनी त्याच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. तोवर विष्णुपंत जवळ आले होते. त्यांनी आपल्याच फोटोत वाकून बघितलं, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की शिपायाला पाणी आणायला धावावं लागलं. उबळ ओसरेपर्यंत फौजदारांनी काच आणि पुठ्ठा रुमालात बांधून घेतला होता.

"पंतांना झोपवा, बाई," ते म्हणाले, आणि जिना उतरले. नाथाजी त्यांच्या मागोमाग गेला. त्याने वळून पाहिलं नाही.

रात्री जेवताना विष्णुपंत एवढंच म्हणाले, "मिशी बरी जमलीय."

फोटो छापून चावड्यांवर लागला, सांगलीकडच्या नाक्यांवर लागला. केरबा सापडला नाही. तो त्या चेहऱ्यामुळे की त्याच्या पायांमुळे, हे कुणाला सांगता येणार नाही. नाथाजी मात्र वाळत चालला. केरबा धरला गेला तर खोटं बोलणारा पहिला माणूस कोण, हे चौकीत लहान मुलालाही कळलं असतं. कुठे कुणी पकडला गेला अशी बातमी आली की तो स्टुडिओच्या समोरच्या फुटपाथवरून दोनदा जायचा, वर बघायचा, आणि चढायचा नाही. गोदावरीबाईही खिडकीत यायच्या.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला एक म्हातारी जिना चढून आली. पदरात शेंगा. दाराशीच उभी राहून म्हणाली, "मी केरबाची आय, शालूबाई. आवं, माज्या लेकाचा खरा फोटू तुमच्याकडं हाय म्हनं. तालमीत आमी बायका जात न्हाई, म्या कवा बघितलाच न्हाई. चावडीवर लावलाय तो माझा न्हवं. एकडाव दावता का?"

गोदावरीबाईंनी आधी जिन्यात कुणी आहे का ते पाहिलं.

"जाळला, शालूबाई."

"समदा?"

"सगळा. आता कुठेच नाही."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हे बोलणं खरं आहे की नुसती समजूत, हे तिला चाचपायचं असावं. मग तिने खांद्यावरचा पदर सारखा केला.

"कुटंच न्हाई? मग झ्याक झालं," ती म्हणाली, आणि उंबऱ्याशी खाली बसून तिने प्यायला पाणी मागितलं.