एका ताटात वाढवलेली दोघं

आमच्या सुनेनं आमच्या मुलाला काही खायला घातलं नव्हतं. घातलं होतं ते मी. भावकीत अजून उलटंच बोललं जातं, म्हणून हे आधी लिहून टाकतो. बाकीचं कसं उमटेल माहीत नाही, पण एवढं तरी सरळ उमटलं.

सून म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची मुलगी. तो आणि त्याची बायको अपघातात गेले तेव्हा पोर दीड वर्षाची होती, आमचा मुलगा चार वर्षांचा. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. माझ्या आईवडिलांचं लग्न तसंच, बहिणीचंही तसंच. पोरीला सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरी आणलं त्या दिवशी घरात रडारड चालू होती, आणि त्यातच बायको म्हणाली, "सून घरात आली. आता पोरगी बघत हिंडायला नको." मला ते शहाणपणाचं वाटलं.

दोघं एका ताटात जेवली, एका चादरीत झोपली. एकाला गोवर आला की चौथ्या दिवशी दुसऱ्याला. ती भाऊबहीण होऊ नयेत एवढीच काळजी आम्ही घेतली. राखी नाही, भाऊबीज नाही. दुसरीत असताना तिनं शाळेत केलेली लोकरीची राखी त्याच्या हाताला बांधली, तेव्हा बायको कात्री घेऊन आली.

"त्यो तुझा भाऊ न्हाय गं."

"मग कोण हाय?" पोरीनं विचारलं.

आम्ही दोघं हसलो. दोरा कापला की झालं, असं आम्हाला खरंच वाटत होतं.

ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा मी तारीख काढली. एक दिवस दुपारी ती माझ्या दुकानात आली. माझं टॉवेल-चादरींचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं. ती थप्प्यांच्या आड उभी राहून म्हणाली, "मामा, राग मानू नका. तो चांगला आहे. पण त्याच्याकडे बघून मला काही म्हणजे काही वाटत नाही. घरातलं कपाट असतं ना, तसा आहे तो मला."

"लग्नाआधी कुणालाच काही वाटत नसतं," मी म्हणालो. "सवयीनं लागते गोडी."

हे मी खोटं बोललो नव्हतो. लग्नानंतर पहिलं वर्ष आम्ही नवराबायको दुकानामागच्या खोलीत राहिलो. नव्या चादरींच्या खळीचा वास चोवीस तास नाकात. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा कोरी चादर उलगडली की छातीत काहीतरी हलतं, आणि मी बायकोकडे बघतो. म्हणजे ओढ शिकता येते, एवढं मला स्वतःवरून ठाऊक होतं. उलटंही शिकलं जातं, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, माहीत नाही. ती मात्र सांगत होती, आणि मी चादरीची घडी घालत होतो.

लग्न झालं. संध्याकाळी जेवणं झाली की दोघं खोलीचं दार लावून घ्यायची आणि आतून हसण्याचे आवाज यायचे. बायको शेजारणीला म्हणायची, "औंदा पाळणा हालतोय बघा." वर्ष गेलं. मग मुलानंच एकदा स्कूटर पुसता पुसता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "अप्पा, आम्ही आत रमी खेळतो. ती जवळ बसली तरी मला पळून जावंसं वाटतं. तिलाही तसंच होतं. आम्ही दोघंही रडलोय यावर. आम्हाला सोडवा."

त्या दिवसापासून मला भीती बसली. मुलात दोष आहे, हे बाहेर कळलं तर? त्याच्या मनात काय आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याच्या शरीराचं काय करायचं, याच विचारात राहिलो.

चादरी घेऊन मी नातेपुत्याच्या बाजाराला जायचो. तिथं एक माणूस जडीबुटीच्या पुड्या विकायचा. मी अडखळत सांगितलं. तो मोठ्यानं हसला. "पोराला सांगूच नका. दुधातून द्या. घोडा व्हतंय की न्हाय बघा!" आजूबाजूचेही हसले. मी मान खाली घालून पुड्या खिशात टाकल्या. रोज संध्याकाळी दुधाचे पेले मी स्वतः नेऊन देऊ लागलो. बायकोला कौतुक वाटलं. मुलाचं डोकं दुखायचं, तोंड लाल व्हायचं, तो म्हणायचा ऊन लागलंय. मी बघत होतो आणि पुढची पुडी सोडत होतो.

अकराव्या दिवशी मी एकाऐवजी दोन पुड्या घातल्या. सकाळी तो चहा घ्यायला उठला आणि मोरीच्या दारात कोसळला. ओठ पांढरे पडले होते. रिक्षात त्याचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं, ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती, "ए, बघ माझ्याकडे, झोपू नको!" एवढी घाबरलेली बाई मी पुन्हा पाहिली नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. "याचं बीपी फार खाली गेलंय. पोटात काहीतरी गेलंय. काय घेतलंय ते सांगा, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडतोय."

एक शब्द पुरे होता. पोलीस येतील, पेठेत बोभाटा होईल, मुलगा पुन्हा तोंड बघणार नाही, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी मुलगा मरत असू शकतो हे मला कळत होतं, आणि तरीही मी गप्प बसलो. हे कमी करून कसं लिहू?

बायको सुनेकडे वळली. "काय घातलंस गं माझ्या लेकाला? नगं झाला तर सांगायचं हुतंस!"

सून माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचा पंखा बघितला.

मुलगा वाचला. डॉक्टरांनी नंतर दोघांना एका मानसोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी मलाही बोलावून समजावलं. अगदी लहानपणापासून एका घरात वाढलेल्या मुलांच्या मेंदूत, कुणी न शिकवता, एक धडा बसतो: हे आपल्या घरातलं माणूस, इथं ओढ नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. नव्या माणसाची चाहूल लागली, त्याची वाट बघितली, की मेंदूत जी रसायनं सुटतात, ती इथं सुटतच नाहीत. "दोघांत कुणाचाही दोष नाही," त्या म्हणाल्या. "आणि गोळ्या-पुड्यांनी रक्त धावेल, मन धावणार नाही." पुड्या हा शब्द ऐकून मी त्यांच्याकडे चमकून बघितलं. त्या सहज बोलल्या होत्या.

दोघं वेगळी झाली. मुलगा हैदराबादला गेला, तिथंच ऑफिसातल्या मुलीशी लग्न केलं, त्याला आता मुलगी आहे. सून पुण्याला नोकरीला लागली. आम्ही पेठ सोडून जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. पण बोलणं आमच्या आधी तिथं पोचलं होतं. पोरीनं नवऱ्याला विष घातलं. बायको ते सांगत राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून चहा पीत राहिलो. दारावरची घंटा वाजली की अजून पोलीसच आठवतात.

गेल्या महिन्यात घंटा वाजली. दारात लातूरकडच्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, त्याला आमची सून पसंत होती आणि तिलाही तो. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"आडपडदा ठेवत न्हाय. पोरगं लई गुंतलंय. लोक म्हणत्यात, पोरीनं पयल्या नवऱ्याला... तुमी सासरे. खरं सांगा. माझं येकच लेकरू हाय."

आतून बायकोचा आवाज आला, "सांगा की! का बसलाव दगडासारखं?"

मी म्हणालो, "पुडी मी घातली होती. दुधात. अकरा दिवस. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. बायको बाहेर आली नाही. पाहुण्या बाई म्हणाल्या, "आन् ह्ये तुमी आज सांगताय व्हय?" पाणीही न घेता त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "लग्न हुईल. तुमी येऊ नका."

पाचव्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "माझ्या भावाची पोर हुती ती." मी मुलाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगायचं होतं, अप्पा."

मग मी सुनेला फोन लावला. पाठ केलेली वाक्यं विसरलो, जे आलं ते बोललो. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे त्यानं स्वतः घेतलं नव्हतं?"

"नाही गं."

"मामा, सहा वर्षं मला वाटतंय की माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून त्यानं जीव द्यायला बघितला. त्याला विचारायचा धीर कधी झाला नाही. म्हणून आत्या बोलल्या तेव्हा मी गप्प बसले. त्याचं नाव बाहेर येऊ नये म्हणून."

मी काय घडवलंय, ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांपुढे नाही, मानसोपचाराच्या बाईंपुढे नाही. तिच्या मनात काय चालू असेल, याची भीती मला सहा वर्षांत एकदाही वाटली नव्हती. सगळी भीती माझ्यापुरतीच होती.

"ठेवते," ती म्हणाली. "मला त्याला फोन करायचाय."