मंडईच्या दिवशी टीव्हीवर आत्याबाई

मी अत्यंत व्यवस्थित बाई आहे. हे मी म्हणत नाही, माझा टॅब म्हणतो. रोज सकाळी सहा वाजता टिंग करून सांगतो, "सुप्रभात ज्योती, आज तुमची अकरा कामे आहेत."

टॅब येण्याआधी मी नुसतीच चित्रकार होते. सौंदडला राहायचं, शाळांच्या भिंतींवर फळं-भाज्या काढायच्या, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि कोणती पाटी कोणाची हे विसरायचं. ब्रश चहाच्या कपात असायचे आणि चहा ब्रशच्या डब्यात! एकदा आमच्या ह्यांनी घोटभर निळा रंग प्यायला आणि वर "आज चहा पांचट झाला" म्हणाले. मग टॅब आला. चित्र काढायला एक ॲप, कामं लिहायला दुसरं, रंगांच्या छटा जपून ठेवायला तिसरं. मी अशी काही सुधारले, की घरातल्या सगळ्यांना सुधारायला निघाले. ह्यांची दाढी, सासूबाईंची बीपीची गोळी, नणंदेचं शिवण, सगळं मी त्या कामांच्या ॲपमध्ये घातलं. वेळ झाली की टिंग!

"काऊन वो," सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मले भूक लागली हे बी आता हा डब्बाच सांगन का?"

"आई, शिस्त लागते त्याने."

"चाळीस वर्षं मी बिनाशिस्तीचीच सैपाक करून राहिली का मंग?"

मी सैपाकालाही एक टिंग लावून दिलं.

आता मुख्य गोष्ट. माझी नणंद वनिता. वय वर्षं एकोणतीस, स्वभावाने गाय, शिवणकामात वाघीण. तिचं लग्न जमत नव्हतं. कधी पत्रिका आडवी, कधी उंची आडवी, कधी वय आडवं. आणि अशात अर्जुनी मोरगावचं एक स्थळ आलं. मुलगा प्रशांत, गोंदियाला कॉम्प्युटर शिकवतो. आई-वडील लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेला. वनिताला तो पहिल्या भेटीतच इतका आवडला, की तिने त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं. (सासूबाईंनी तिसऱ्यांदा घातलं, कारण आनंद त्यांनाही झाला होता.)

अडचण एकच होती. आत्याबाई! पसंती-नापसंती सगळी त्यांच्या हातात. मुलगी पाहायला आल्या आणि त्यांनी जी चौकशी सुरू केली, ती आम्ही अजून विसरलो नाही.

"पोरगी पहाटे उठते का?"

"हो जी."

"विहिरीचं पानी काढता येते का?"

लग्न करून गोंदियात दुसऱ्या माळ्यावर राहणार असलेल्या मुलीला विहिरीचं काय करायचं? पण विचारणार कोण! प्रत्येक उत्तराला आत्याबाई एकेक बोट दुमडायच्या. दहाही बोटं दुमडून झाली, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी "वय किती?" असं विचारलं तेव्हा सासूबाई छताकडे बघून "सव्वीस" म्हणाल्या. आत्याबाईंनी तेही एका बोटात दुमडून ठेवलं.

जाताना साखरपुड्याचा विषय काढून म्हणाल्या, "मंडईले येतो. तवा साक्षगंधाची तारीख काढू. काढायची असली त!"

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेब्या, दुकानं, आणि घरोघरी पाहुण्यांचा लोंढा. आमच्या भागातली निम्मी लग्नं मंडईतच ठरतात, आणि उरलेली निम्मी तिथेच मोडतात. वनिताचं कोणत्या निम्म्यात बसणार, या काळजीने घरात कोणाला घास गोड लागेना.

मला युक्ती सुचली. आत्याबाई आणि प्रशांत यांचं एक सुंदर चित्र काढायचं, छापून फ्रेम करायचं आणि मंडईच्या दिवशी भेट द्यायचं. चित्रकार सून घरात असण्याचा फायदा दुसरा काय! सासूबाई पहिल्यांदाच माझ्या टॅबकडे मायेने पाहून म्हणाल्या, "कर बापा काहीतरी. तुह्याच हाती आहे आता."

मी बसले. पहिल्या भेटीतला एक फोटो होताच. पण चित्रकाराचा हात आधी मोकळा करावा लागतो. (असं मी मानते. इतर चित्रकार रेघा ओढतात.) मी आत्याबाईंच्या डोक्यावर ठाणेदाराची टोपी काढली. एका हातात छडी दिली. दुसऱ्या हाताची बोटं शेवग्याच्या शेंगांएवढी लांब, वाकडीतिकडी, प्रत्येक बोटावर एकेक प्रश्न लटकलेला. समोर वनिता, हातात बेड्या. बाजूला प्रशांत, हवालदार! आमचे हे बघायला आले आणि पोट धरून बसले. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हसू आवरत म्हणाल्या, "नाक अजून वर कर, नाक!" मी नाक वर केलं.

हसून झाल्यावर मी खोडरबर फिरवला. सगळं पुसलं. कागदावर कितीही खोडा, पुसटशी रेघ राहतेच. पण टॅबचा पडदा बघा, कसा आरशासारखा लख्ख! मग आठ दिवस खपून मी खरं चित्र काढलं. टोपी होती तिथे पदर आला, छडी होती तिथे लहान प्रशांतचा हात. चित्र खरंच छान झालं. आजही मी ते नाकारणार नाही.

मंडईचा दिवस उजाडला. मी ॲपमध्ये पाहुण्यांच्या पूर्ण दिवसाची आखणी करून ठेवली होती. पाणी कधी, वडे कधी, कोण कुठे बसणार, कोणी कधी काय बोलायचं, सगळं मिनिटामिनिटाला! आत्याबाई आणि प्रशांत दुपारी आले. वडे झाले, तर्री झाली, मग मी फ्रेम पुढे केली.

आत्याबाई बघतच राहिल्या. मग पदराने काच पुसली. काच कोरडीच होती, डोळे ओले होते.

"माहं चित्र आजपर्यंत कोनी काढलंच नवतं," त्या म्हणाल्या. "मी कोन लागून गेली चित्र काढाले?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पोटची. वनिता दाराआड उभी होती, तिचा चेहरा पणतीसारखा उजळला. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. कोणत्याही शहाण्या बाईने बसलं असतं!

"वहिनी, ये टॅब पे बनाया न?" प्रशांत म्हणाला. "मंग यात रिप्ले राहते. पूरा दिखता है, सुरुवातीपासून कसं काढलं ते. मी पोरांना शिकवतो हे."

मला हे माहीतच नव्हतं. पण कॉम्प्युटरच्या मास्तरासमोर माहीत नाही म्हणायचं? माझ्यासारख्या व्यवस्थित बाईने? "हो हो, असतं ना!" मी म्हणाले.

"टीव्हीवर लावू का? सगळ्यांना दिसेल."

"लावा की!" हेही मीच म्हणाले.

टीव्हीवर पांढरा पडदा आला. एक गोल आला. गोलाला डोळे आले. आत्याबाई पुढे सरकून बसल्या. "आँ! कसं येऊन राहिलं पाह्य!" आणि मग त्या गोलावर टोपी आली.

आमच्या ह्यांनी खोकायला सुरुवात केली, ती थांबेचना. टोपीला बिल्ला आला. हातात छडी आली. मग बोटं वाढू लागली. ती वाढतच गेली, टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत! बेड्या घातलेली वनिता आली. आणि सर्वांत शेवटी, सासूबाईंच्या खास आग्रहावरून, नाक वर गेलं.

"थांबवा!" मी ओरडले आणि टॅबवर झडप घातली. घाईत बोट कुठे लागलं देव जाणे, व्हिडिओ थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला! गोल, डोळे, टोपी. ह्यांनी उठून टीव्हीपुढे उभं राहून पाहिलं. पण ते पडले बारीक. त्यांच्या उजव्या बाजूने छडी दिसत होती आणि डाव्या बाजूने बोटं.

सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "काय वो हे ज्योती! मले त यातलं काहीच माहीत नाई बापा!"

मी त्यांच्याकडे बघितलं. नाक त्यांचं होतं, पण वेळ ती नव्हती.

मंडईतल्या पाळण्याचा करकर आवाज तेवढा ऐकू येत होता. आणि तेवढ्यात टिंग झालं. टॅब अजून टीव्हीलाच जोडलेला होता. पडद्यावर, आत्याबाईंच्या त्या नाकावर, ठळक अक्षरांत आलं: "१:३० – आत्याबाईंच्या साडीची तारीफ करणे."

कोणीही तारीफ केली नाही.

"आता हे बंद कर," ह्यांनी दात आवळून म्हटलं. मी वायर ओढायला खाली वाकले. वायर निघेपर्यंत दुसरं टिंग झालं. माझी आखणीच मिनिटामिनिटाची होती ना! "१:३२ – वय विचारल्यास सव्वीस. सासूबाईंकडे बघू नये."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

आत्याबाई मात्र टीव्हीकडे पाहत नव्हत्या. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि बोटांकडे बघत होत्या. खरीच वाकडी होती ती बोटं.

"विड्या वरून वरून अशी झाली," विडी वळतात तशी बोटं फिरवत त्या सावकाश म्हणाल्या. "ह्याची फी भरासाठी रोज वरत होती. बरोबर काढली पोरी तू. एक बी बोट चुकलं नाई."

त्या क्षणी मला जी शरम वाटली, ती सांगायला मला शब्द नाहीत. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, फ्रेम फेकून मारली असती, तर मी सुखाने मार खाल्ला असता. पण त्या रागावल्याच नाहीत. आठ दिवस मी त्यांचा फोटो मोठा करून करून बघत होते. एकेक सुरकुती रंगवली. आणि बोटं वाकडी का, हा प्रश्न एकदाही मला पडला नव्हता. मला त्यात फक्त शेवग्याच्या शेंगा दिसल्या होत्या.

"चुकलं माझं, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी दाराकडे मान वळवली. "वनिता, इकडे ये. तुहं वय किती?"

वनिता आली. आईकडे नाही, भावाकडे नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही, सरळ आत्याबाईंकडे बघून म्हणाली, "एकोणतीस."

"मंग सव्वीस कायले सांगतलं?"

"तुमच्यापहिले तीन स्थळं वयावरून गेली, म्हणून. मले बी माहीत होतं. मी गप्प राहिली. हे स्थळ जावं असं मले वाटत नव्हतं."

गायीसारखी आमची वनिता एवढं एका दमात बोलली! मग तिचे डोळे भरून आले. प्रशांत खुर्चीतून अर्धवट उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

आत्याबाईंनी एक वाकडं बोट दुमडलं. "ही खरं बोलते," त्या प्रशांतला म्हणाल्या. "घरात एक त निघाली. तुले काय वाटते?"

"मुझे तो पहले दिन से..." प्रशांत म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"मंग काढा तारीख."

सासूबाईंनी हात जोडले. ह्यांचा खोकला एकदाचा थांबला. मी पुढे होऊन आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "साक्षगंधापासून वरातीपरेंत या बाईच्या हाती पेन्सिल नोको. थो डब्बा बी नोको."

"नाही देणार जी!" सासूबाई माझ्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. ह्यांनी मान हलवली. वनिताने तर टॅब उचलून धान्याच्या कोठीत ठेवला आणि वरून झाकण लावलं. ती माझ्याशी पुढे पंधरा दिवस बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

लग्न ठरलं, दिवस जवळ आले. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. मधोमध गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, खाली नवरा-नवरीची नावं. गावातल्या कितीतरी पोरींच्या लग्नाची भिंत मी रंगवली आहे. माझ्या स्वतःच्या नणंदेच्या लग्नाची भिंत रंगवायला मात्र सासूबाईंनी दुसऱ्या गावाहून पेंटर बोलावला. त्याने गणपतीचा एक कान सुपाएवढा काढला आणि दुसरा पुरीएवढा. उंदीर तर असा काढला, की येणारा-जाणारा त्याला बकरी समजून चालला होता. मी दिवसभर त्याची शिडी धरून उभी राहिले, त्याचे ब्रश धुतले, त्याला चहा दिला. कपातच दिला.

काम संपल्यावर पेंटर चार पावलं मागे गेला. मान तिरपी करून गणपतीकडे बघितलं, मग माझ्याकडे वळला. "ताई, कसा वाटून राहिला? का तुमाले चित्रातलं काही समजत नाई?"

ओसरीवर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, हे पेपर वाचत होते, वनिता परकराची घडी घालत होती. तिघांचेही हात थांबले.

"नाही हो दादा," मी म्हणाले, "मला त्यातलं काहीच समजत नाही."

तिघांपैकी एकानेही मला खोटं पाडलं नाही.